भिडेवर चालणारी सायकल

चोवीस तासांची माउंटन बाइक रिले हा सांघिक खेळ आहे. तो बहुधा शनिवारी दुपारी बाराला सुरू होतो आणि रविवारी दुपारी बाराला संपतो. डोंगरात, रानात किंवा वाळवंटात दहा-पंचवीस किलोमीटरची गोल वाट आखलेली असते. संघातला एक जण सायकलवरून ती वाट फिरून येतो, हातातला बॅटन दुसऱ्याच्या हवाली करतो आणि दुसरा तीच वाट फिरायला निघतो. चोवीस तासांत ज्यांच्या फेऱ्या सर्वांत जास्त, ते जिंकले. बाकीच्यांना ‘सहभागी’ म्हणतात. या खेळातली बहुतेक लोकसंख्या सहभागींची असल्यामुळे पुढील विवेचनही त्यांच्यापुरतेच आहे.

सायकलची रिले म्हटली की मराठी वाचकाला नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू आठवतात. २०१५ मध्ये या दोघा भावांनी आलटूनपालटून सायकल चालवत ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. ती शर्यत पॅसिफिकच्या काठावरून निघते आणि अटलांटिकच्या बाजूला जाऊन संपते. म्हणजे एवढे हाल सोसल्यावर शेवटी दुसरा समुद्र तरी गाठल्याचे समाधान असते. डोंगरातल्या रिलेत माणूस जिवाच्या आकांताने रात्रभर सायकल मारतो आणि सकाळी जिथून निघाला तिथेच असतो.

या खेळाची सुरुवात अमेरिकेत झाली. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कनान व्हॅलीत १९९२ मध्ये लेअर्ड नाइट यांनी अशी पहिली शर्यत भरवली. चोवीस तास म्हणजे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम, म्हणून संघ, असा साधा विचार होता. तो फार काळ टिकला नाही. नव्वदच्याच दशकात जॉन स्टॅमस्टॅड नावाच्या सायकलपटूने कनानच्या शर्यतीसाठी चौघांच्या संघाचा अर्ज भरला. चारही नावे त्याची स्वतःचीच होती, फक्त दर वेळी थोडी फिरवून लिहिलेली. मग तो एकटाच सायकल चालवत राहिला. या घटनेकडे सहनशक्तीचा नमुना म्हणून पाहिले जाते. ज्यांनी चार मित्रांची मोट कधी बांधून पाहिली आहे, त्यांना त्यामागचे वेगळे कारणही सहज सुचते.

कारण संघ जमवणे हीच या खेळातली पहिली चढण. संघाचा जन्म साधारणपणे जेवणानंतर होतो. पोट भरलेले असते, शर्यत सहा महिने लांब असते आणि कोणीतरी म्हणतो, “आपण चौघांनी करायची का?” दुसरा म्हणतो, “करू की.” या क्षणी दोघांपैकी एकालाही शर्यत करायची नसते. पहिल्याला वाटते, दुसरा नाही म्हणेल. दुसऱ्याला वाटते, हा एवढ्या उत्साहाने विचारतोय, त्याचे मन कशाला मोडा? सायकलच्या चाकांना गती स्नायूंमुळे मिळते असे शरीरशास्त्र सांगते. हौशी रिलेच्या बाबतीत ती भिडेमुळे मिळते आणि शेवटपर्यंत तीच पुरते.

जो पहिल्यांदा बोलला तो कप्तान होतो. तो व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढतो, त्याला वाघाचे चित्र लावतो आणि वेळापत्रकाचा तक्ता तयार करतो. तक्ता इतका देखणा होतो की सायकल चालवायची वेगळी गरज त्याला वाटेनाशी होते. दुसरा गडी साहित्यप्रेमी असतो. इथे साहित्य म्हणजे दोन पंप, चार दिवे, चेन तोडायचे हत्यार, चेन जोडायच्या कड्या आणि दुसऱ्याच कंपनीच्या सायकलला बसणारा डिरेलरचा हँगर. तिसरा खरोखरच सायकल चालवतो आणि म्हणून संघात अवघडलेपण निर्माण करतो. तो रोज पहाटे पन्नास किलोमीटर मारतो आणि सकाळी सात वाजता ग्रुपवर फोटो टाकतो. मग विचारतो, “काल तू किती मारलीस?”

“काल पाऊस होता.”

“इथे तर नव्हता.”

“आमच्याकडे होता.”

दोघांची घरे एकाच रस्त्यावर असतात.

चौथा शोधावा लागतो. पत्त्यांच्या डावाला चौथा गडी कमी पडला की शेजारच्याला हाक मारून बसवतात, तसाच तो येतो. फरक इतकाच की पत्त्यांत त्याला निदान बसायला मिळते. चौथ्याचा मुख्य गुण म्हणजे त्याला नाही म्हणता येत नाही. “तू फक्त नावाला ये, फेऱ्या आम्ही मारू,” असे सांगून त्याला घेतात. शर्यतीच्या नियमावलीत अशी सोय नसते हे त्याला नंतर कळते.

गट निवडण्यातही मानवी स्वभाव दिसतो. एकट्याचा गट असतो, जोडीचा असतो, चौघांचा असतो, स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघाचा असतो. अमेरिकेतल्या काही शर्यतींत वजनदार स्वारांसाठीही वेगळा गट ठेवतात आणि त्याला क्लाइड्सडेल हे स्कॉटलंडमधल्या, गाडे ओढणाऱ्या धिप्पाड घोड्यांच्या जातीचे नाव देतात. या गटात स्पर्धा कमी, त्यामुळे बक्षिसाची आशा जास्त. पण नाव घालायचे तर वजन कागदावर लिहावे लागते. बहुसंख्य पात्र उमेदवार त्याऐवजी सर्वसाधारण गटात शेवटचे येणे पसंत करतात.

या शर्यतींपैकी नावाजलेली एक म्हणजे अॅरिझोनातली ‘२४ अवर्स इन द ओल्ड प्वेब्लो’. ती फेब्रुवारीत टूसॉन शहराच्या उत्तरेला, ओरॅकल गावाजवळच्या वाळवंटात भरते. एक फेरी सुमारे २६ किलोमीटरची. आदल्या दिवसापासून तिथे तंबूंचे आणि मोटारघरांचे एक तात्पुरते गाव वसते. गाव वसवण्याचा पहिला वाद शौचालयाशी येऊन थांबतो. तंबू त्याच्या जवळ हवा, पण फार जवळ नको, याबद्दल चौघांचे एकमत असते. जवळ म्हणजे किती, यावर चौघांची चार मते असतात. ती मांडून होईपर्यंत चांगल्या जागा जातात आणि तंबू जनरेटरशेजारी ठोकला जातो.

मग सामान उघडतात. कामे वाटून घेताना “खाण्याचं मी बघतो” असे प्रत्येकाने म्हटलेले असल्यामुळे चौघांनीही केळी आणलेली असतात. एकूण सहा डझन. स्टोव्ह एक, गॅस नाही.

“गॅस तू आणणार होतास ना?”

“मी स्टोव्ह आणला की.”

“स्टोव्ह कशाला आणलास मग?”

“गॅस तू आणशील म्हणून.”

शेजारच्या संघाने सतरंजी अंथरलेली असते, खुर्च्या मांडलेल्या असतात आणि त्यांच्याकडे मांस भाजल्याचा वास सुटलेला असतो. तिकडे बघायचे नाही असे ठरवून चौघे तिकडे तोंड करून केळी खातात.

शर्यतीचा प्रारंभ धावून होतो. पहिल्या स्वारांनी थोडे अंतर पळत जायचे, आपली सायकल गाठायची आणि मग स्वार व्हायचे. ही पद्धत फ्रान्समधल्या ल मां इथे १९२३ पासून चालत आलेल्या मोटारींच्या चोवीस तासांच्या शर्यतीतून उचललेली आहे. तिथे चालक पळत जाऊन मोटारीत उड्या मारत. घाईत पट्टे कोणी धड बांधत नसे. त्याचा निषेध म्हणून १९६९ मध्ये जॅकी इक्स शांतपणे चालत मोटारीकडे गेला, पट्टा नीट बांधला, सर्वांत शेवटी निघाला आणि चोवीस तासांनी सुमारे १२० मीटरच्या फरकाने शर्यत जिंकला. पुढच्या वर्षीपासून ल मांने धावणे बंद केले. सायकलवाल्यांनी ते जपून ठेवले. सायकलच्या बुटांना तळाशी धातूचा तुकडा असतो, तो पॅडलमध्ये अडकवण्यासाठी. ते बूट घालून खडकाळ रस्त्यावर पळणारा माणूस पाहिला की इक्सची दूरदृष्टी पटते.

पहिली फेरी कोणी घ्यायची यावर संघात अचानक विनयाची लाट येते. “पहिला मान तुझा,” असे प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो. मान फिरत फिरत चौथ्यापाशी येतो आणि तिथेच राहतो, कारण त्याला तो परत कसा करायचा हे माहीत नसते. क्रम ठरतो: चौथा, कप्तान, साहित्यप्रेमी, तिसरा. “जॅकी इक्स तर चालत गेला होता,” असे सांगून कप्तान त्याला धीर देतो. इक्सला मोटार उत्तम चालवता येत होती, हा तपशील तो सांगत नाही. बंदूक वाजते, शेकडो लोक धुरळा उडवत निघतात. चौथा सायकलींच्या गर्दीत शिरतो, तेव्हा तिन्ही मित्र तीन दिशांनी ओरडतात, “इकडे! इकडे!” सायकल त्यांच्यापैकी एकाकडेच असते.

फेरीत पाहण्यासारखे दोन प्रकार आहेत. पहिला निवडुंगाचा. सोनोराच्या या वाळवंटात चोया नावाचा निवडुंग वाटेच्या कडेने उभा असतो. त्याच्या गाठी नुसत्या धक्क्याने सुटतात. इतक्या सहज, की त्या अंगावर उडी मारतात अशीच लोकांची समजूत आहे. काट्यांची टोके उलट्या खवल्यांची असल्यामुळे ते आत सहज जातात, बाहेर येताना कातडी ओढतात. नवशिक्याचा अनुभव ठरावीक क्रमाने जातो. गाठ दंडाला चिकटते. ती काढायला दुसरा हात पुढे होतो. आता ती दुसऱ्या हाताच्या बोटांना असते. ती झटकल्यावर पोटरीला जाते. पोटरीवरची बुटाने ढकलली की बुटात शिरते. मागून येणारा अनुभवी स्वार न थांबता सांगतो, “कंगवा!” गाठ कंगव्याने उचकटून दूर भिरकावणे हा खरोखरच तिथला रूढ उपाय आहे. संघाकडे दोन पंप असतात, चार दिवे असतात, परक्या सायकलचा हँगर असतो. कंगवा नसतो, कारण चौघांपैकी तिघांना तो लागेनासा होऊन बरीच वर्षे झालेली असतात.

दुसरा प्रकार खडकाचा. फेरीच्या शेवटाशी ग्रॅनाइटचा एक उतार आहे. सायकलसकट तो उतरता येतो. ज्याला नको त्याच्यासाठी शेजारून सोपी वाट ठेवलेली आहे. एवढ्यावर प्रश्न सुटायला हवा. पण खडकाभोवती प्रेक्षक बसलेले असतात. रात्री ते शेकोटी पेटवतात आणि हातात पेयाचा डबा घेऊन प्रत्येक स्वाराला खडकाकडे बोलावतात. सोपी वाट घेणाऱ्याची ते हुर्यो करतात. त्या लोकांची स्वाराशी ओळख नसते, पुन्हा गाठ पडणार नसते, अंधारात त्याचा चेहराही दिसत नसतो. तरीही त्यांना वाईट वाटेल म्हणून तो खडकाकडे वळतो. पडल्यावर ते मनापासून टाळ्या वाजवतात.

बॅटनची अदलाबदल एका मोठ्या तंबूत होते. येणाऱ्याचा क्रमांक पुकारला की जाणाऱ्याने पुढे व्हायचे. क्रमांक पुकारला जातो तेव्हा जाणारा शौचालयात असतो.

“कुठे होतास?”

“तू पाऊण तास उशिरा येणार असं वाटलं.”

“का?”

“मागच्या वेळी आला होतास.”

एरवी उलटे होते. कप्तानाच्या तक्त्यात फेरी दीड तासाची असते, प्रत्यक्षात ती सरासरी एक तास पन्नास मिनिटांची निघते. प्रत्येक जण तक्त्याप्रमाणे तंबूत हजर होतो आणि आपला गडी येईपर्यंत कुडकुडत उभा राहतो. तक्ता दुरुस्त करावा असे तिघांच्या मनात येते. कप्तानाने त्याला रंग दिलेले असल्यामुळे कोणी बोलत नाही.

विश्रांतीचा हिशेब हे रिलेचे सर्वांत मोठे आकर्षण मानले जाते. चोवीस भागिले चार, म्हणजे माणशी सहा तास सायकल आणि अठरा तास आराम. इतकी सवलत सरकारी नोकरीतही मिळत नाही. व्यवहारात दोन फेऱ्यांच्या मध्ये साडेपाच तास मिळतात. त्यांतला पाऊण तास आपली फेरी कशी झाली हे सांगण्यात जातो. ऐकणारे दोघेच असतात, पण दोघांनाही स्वतःची सांगायची असते. अर्धा तास चेन पुसून तेल घालण्यात, एक तास खाण्यात, अर्धा तास कोरडा मोजा शोधण्यात, पाऊण तास पुढच्या फेरीच्या तयारीत आणि एक तास त्या तक्त्यापायी तंबूत ताटकळण्यात. उरतो एक तास. तो झोपेसाठी. पण फेरीहून आल्यावर अंगात ऊब यावी म्हणून शेजारच्यांकडून मागून घेतलेली कॉफी पोटात असते आणि रक्तातले कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे झोपायच्या वेळी माणूस टक्क जागा असतो आणि सायकलवर बसायच्या वेळी त्याला पेंग येते. शेजारी जनरेटर असतोच.

फेब्रुवारीत तिथली रात्र सुमारे तेरा तासांची असते आणि पहाटे पारा गोठणबिंदूच्या आसपास जातो. हे फार वाटले तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जानेवारीत भरणारी ‘स्ट्रॅथपफर’ आठवावी. तिथे चोवीसातले सतरा तास काळोखाचे असतात. ती आठवण साहित्यप्रेमी बरोबर पहाटे करून देतो आणि त्याला कोणीही धन्यवाद देत नाही. अंधारासाठी एक दिवा हँडलवर आणि एक हेल्मेटवर लावतात. बॅटरी फेरीआधी चार्ज करायची असते. ती करायला गेल्यावर कळते की चार्जरला तिसऱ्याचा फोन लावलेला आहे, फोटो ग्रुपवर टाकायचे असल्यामुळे.

रात्रीची खरी कसोटी चढावर लागत नाही, चड्डीवर लागते. सायकलच्या गादीवाल्या चड्ड्या महाग असतात, म्हणून माणशी दोनच आणलेल्या असतात. पहिली दुपारी भिजली, दुसरी रात्री भिजली. पहाटे पहिली बाहेर काढावी तर तंबूच्या दोरीवर वाळत घातलेली ती आता कडक झालेली असते आणि हातात धरली की उभी राहते. आत उबदार स्लीपिंग बॅग, हातात थंडगार ओली गादी. एक पाय घालायचा, थांबायचे, इष्टदेवतेचे नाव घ्यायचे, दुसरा घालायचा.

साडेचारला चौथा फेरीवरून येतो आणि कप्तान तंबूत उभा असतो. माणसाच्या शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला दिवसातले सर्वांत कमी असते, निश्चयाचेही असावे. चौथ्याचे दात वाजत असतात. त्याच्या मनात असते, कप्तान आता म्हणेल, ‘पुरे झालं, झोपू या.’ कप्तानाच्या मनात असते, हा एवढा गारठून आलाय, हाच म्हणेल, ‘पुरे झालं, झोपू या.’

“कशी आहे वाट?” कप्तान विचारतो.

“मस्त,” चौथा म्हणतो.

“जाऊ मग?”

“जा की.”

कप्तान जातो. तंबूत पडलेल्या साहित्यप्रेमीला वाटत असते की आपण एकटेच कंटाळलो आहोत, बाकीच्या तिघांचा केवढा उत्साह. तिसऱ्यालाही नेमके तेच वाटत असते, पण सहा महिने फोटो टाकल्यावर हे कबूल कसे करणार? याप्रमाणे चार सज्ञान माणसे, चौघांच्याही इच्छेविरुद्ध आणि संपूर्ण एकमताने, रात्रभर सायकल चालवत राहतात.

सूर्य उगवला की सर्वांचा स्वभाव बदलतो. रात्र फार सुंदर होती, तारे काय दिसत होते, असे जो तो सांगू लागतो. तारे पाहण्याइतके डोके वर केलेले स्वार प्रत्यक्षात निवडुंगात सापडतात.

शेवटचा नियम सगळ्यांत घातक आहे. शर्यत बाराला संपते. बारानंतर परतले की काम झाले. पण बाराच्या आत परतले तर पुढच्या गड्याला आणखी एका फेरीवर निघता येते आणि ती मोजली जाते. त्यामुळे साडेअकरापासून एक अजब दृश्य दिसते. चोवीस तास सेकंदासेकंदासाठी झगडलेले स्वार शेवटच्या रेषेच्या अलीकडे थांबून राहतात. कोणी टायर दाबून पाहतो, कोणी बुटाचा पट्टा सोडून बांधतो, सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे असते.

तेरावी फेरी चौथ्याची. तो दहाला निघतो. त्याचा आजवरचा लौकिक पाहता बाराच्या आत तो येणे अशक्य असते, म्हणून बाकीचे तिघे निर्धास्तपणे बूट काढून बसतात. पण ही आपली शेवटची फेरी या आनंदात चौथा आयुष्यात प्रथमच जोरात सायकल मारतो. रेषेअलीकडे थांबलेले स्वार पाहून त्याला वाटते, बिचाऱ्यांच्या चाकांतली हवा गेली आहे. “मदत हवी का?” असे त्यांना विचारत तो पुढे जातो. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी तंबूत त्याचा क्रमांक पुकारला जातो आणि कप्तानाचे बारा दहा मिनिटे आधीच वाजतात.

“तुला एवढ्या लवकर यायला कोणी सांगितलं होतं?”

“तूच म्हणाला होतास, दीड तासाची फेरी. तक्त्यात आहे.”

साहित्यप्रेमी म्हणतो, “नको जाऊस, राहू दे.” पण ते तो पुरेशा जोरात म्हणत नाही. कप्तान ओली चड्डी चढवतो. तो परत येतो तेव्हा दुपारचे दोन होत आलेले असतात, बक्षीस समारंभ संपलेला असतो आणि शेजारचे संघ तंबू गुंडाळून गेलेले असतात. चौदाव्या फेरीमुळे संघ आपल्या गटात तळापासून दुसरा न येता तिसरा येतो. ग्रुपवर हे ‘पोडियम थोडक्यात हुकले’ असे नोंदले जाते.

यानंतर उरतो खर्च. प्रवेश शुल्क कप्तानाने भरलेले असते. पेट्रोल, गाडीचे भाडे आणि चौथ्याच्या दंडातले काटे काढण्याचे दवाखान्याचे बिल साहित्यप्रेमीने. चौथ्याचे म्हणणे, आपण चार फेऱ्या मारल्या, तिसऱ्याने तीनच, तेव्हा वाटणी फेऱ्यांवर व्हावी. तिसऱ्याचे म्हणणे, ती केळ्यांवर व्हावी, कारण त्याने सर्वांत कमी खाल्ली. हे दोघेही प्रत्यक्ष बोलत नाहीत. साहित्यप्रेमी ग्रुपवर एवढेच लिहितो, “हिशोब निवांत करू, घाई नाही.” तिघेही त्यावर अंगठा टाकतात. भीड ही भिकेची बहीण असे जुनी माणसे सांगून गेली आहेत. तिसऱ्या आठवड्यात साहित्यप्रेमी जादाचा पंप विकायला काढतो, आणि तो चौथा विकत घेतो, कारण त्याला नाही म्हणता येत नाही.